हुमणी की गेंड्या भुंगा? अळी उलटी करून बघा

उकिरड्यात पांढरी, वळलेली अळी दिसली की 'हुमणी आली' म्हणत औषधाच्या दुकानाकडे पळणारे वाळव्यात आहेत तसे कराडातही आहेत. शेणखतात हुमणी निघते, खोटं नाही. पण तिथे गेंड्या भुंग्याचीही अळी असते. ती कुजलेलं शेण, पालापाचोळा खाते. उभ्या उसाच्या मुळ्यांशी तिला देणंघेणं नाही. हुमणी मात्र लहानपणी कुजलेलं खाऊन पुढे मुळ्यांवरच जगते.

ऑगस्ट-सप्टेंबरात उकिरड्यातल्या आणि उसाच्या पिवळ्या पडलेल्या बेटाखालच्या पाच-सहा अळ्या वेगवेगळ्या डब्यांत घ्या.

आता खरी मेख. 'अंगठ्याएवढी जाड ती गेंड्याची' हा सल्ला कानाआड करा. गेंड्याची अळीही आधी लहानच असते, आणि कृष्णा-वारणेकाठची हुमणी चांगली पोसलेली सापडते. डोक्याच्या रंगावरही जाऊ नका. बघायचं ते शेपटाकडचं टोक. मला हे जमायला फार वेळ लागला, कारण जिवंत अळी वेटोळं सोडत नाही आणि टोकाला माती चिकटलेली असते. नखाने सरळ करायला जाल तर ती फुटेल, वर चावेल. म्हणून उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका. मरते, सरळ होते, काळी पडत नाही. मग जुन्या टूथब्रशने टोक हलकेच घासा आणि उन्हात तिरपं धरून दहापट भिंगाने खालची बाजू बघा. गुदद्वाराची चीर आडवी, जराशी वाकलेली असेल तर गेंड्या. मध्ये कोन करणारी, बहुधा तीन फाटे फुटलेली असेल तर हुमणी. एका अळीवर निकाल देऊ नका, सगळ्या बघा.

भुंगे ओळखणं सोपं: गेंड्या काळा, मोठा, डोक्यावर शिंग; हुमणीचा भुंगेरा तपकिरी, बिनशिंगाचा.

गेंड्या निघाला तर खत उलटून अळ्या वेचा, कोंबड्या खूश. बांधावर नारळ असेल तर मात्र शेंडा तपासा. नवीन पानं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली की भुंगा आत असू शकतो, असला तर तारेच्या आकड्याने ओढून काढा.

हुमणी निघाली तर यंदा त्या रानात अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी ओल असताना मुळाशी द्या. खरा बंदोबस्त पुढच्या वळवाला: पहिला पाऊस झाला की अंधार पडताना कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. शेजाऱ्यालाही बरोबर घ्या, भुंगेरे बांध ओळखत नाहीत.