डीव्हीडी प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतोय? या चुका टाळा

गूगल ड्राइव्हच्या लिंकवरून उतरवलेला लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर झकास चालतो. तोच डिस्कवर मारून नाशिकच्या पंचवटीतल्या आजीच्या प्लेअरमध्ये घातला, की ट्रे आत जातो, थोडा वेळ घरघर होते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटतं. मग दुसरी ब्लँक डिस्क, मग तिसरी. आधी डिस्कच्या कंपनीला शिव्या, मग रायटरला, शेवटी प्लेअरला. प्रत्यक्षात गडबड बहुतेक वेळा डिस्क रायटरमध्ये जाण्याच्या आधीच झालेली असते.

एमपी४ हे डब्याचं नाव, भाजीचं नव्हे

डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली. तिचे नियम तेव्हाच ठरले आणि पुढे बदलले नाहीत. व्हिडिओ एमपेग-२ प्रकारचा हवा. भारतातल्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एसी-३, एमपी२ किंवा एलपीसीएम, आणि तोही ४८ किलोहर्ट्झवरच. आज फोनमधून किंवा नेटवरून येणाऱ्या एमपी४ फाइलमध्ये असतो एच.२६४ किंवा एच.२६५ व्हिडिओ आणि एएसी आवाज. जुन्या प्लेअरच्या चिपला ही भाषा कधी शिकवलेलीच नाही.

म्हणून फाइलचं नाव .एमपी४ वरून .एव्हीआय करून काही होत नाही. डब्यावरचं लेबल बदललं तरी आत वांगं ते वांगंच. आत काय आहे ते आधी बघा. व्हीएलसीमध्ये फाइल चालू करून टूल्स मेनूतलं कोडेक इन्फर्मेशन उघडा. व्हिडिओचा प्रकार, चित्राचा आकार, फ्रेम रेट, आवाजाचा प्रकार आणि सॅम्पल रेट, सगळं तिथे दिसतं. या पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच सुटतात.

विंडोजचा तो फसवा प्रश्न

ब्लँक डिस्क घातली की विंडोज विचारतं: ही डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत? पहिला पर्याय निवडला तर घरच्या प्लेअरला ती डिस्क वाचताच येत नाही. दुसरा पर्याय ऐकायला अगदी आपल्यासाठीच बनवल्यासारखा वाटतो आणि माणसं तिथेच फसतात. तो पर्याय फाइल आहे तशी डिस्कवर उतरवतो, तिचं रूपांतर करत नाही. एमपी४ डिस्कवर गेली तरी एमपी४च राहिली. विंडोज ७ पर्यंत डीव्हीडी मेकर नावाचा प्रोग्रॅम सोबत मिळायचा, विंडोज ८ पासून तो गेला. त्यामुळे आता वेगळा प्रोग्रॅम लागतोच.

दुसरी नेहमीची गल्लत हँडब्रेकची. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण त्याची दिशा उलटी: डीव्हीडीवरून एमपी४ किंवा एमकेव्ही फाइल बनवणं. डीव्हीडी ते बनवत नाही.

खऱ्या व्हिडिओ डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं. त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन जातीच्या फाइल असतात, आणि प्रत्येक व्हीओबी १ जीबीच्या आतली. हे बनवायला डीव्हीडीस्टाइलर हा फुकट प्रोग्रॅम पुरतो. नवीन प्रोजेक्ट उघडताना पाल, १६:९ आणि एसी-३ निवडा, फाइल आत ओढा. शेवटी ‘बर्न’ न करता ‘आयएसओ इमेज’ बनवा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल. ही आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडून मेन्यू चालतो का, आवाज येतो का ते बघा. चूक इथे सापडली तर डिस्क वाया जात नाही.

६ लाखांचा हिशेब

४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटरमध्ये ४.३७ जीबी दिसते. कोणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यामुळे ४.५ जीबीचं फोल्डर ‘४.७ मध्ये बसेलच’ म्हणून घेऊन बसलात तर ते बसणार नाही.

किती मिनिटं भरायची यावर चित्राचा दर्जा ठरतो. तोंडी हिशेब सोपा आहे: ६,००,००० भागिले एकूण मिनिटं. येणारा आकडा म्हणजे आवाजासकट एकूण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती, किलोबिटमध्ये. १२० मिनिटांना ५,००० येतात. त्यातले १९२ आवाजाला गेले की चित्राला ४,८०० उरतात, छान चालतं. ९० मिनिटांना साधारण ६,६००. ६० मिनिटांना हिशेब १०,००० सांगतो, पण तिथे हात आखडता घ्या. नियमाप्रमाणे चित्राची कमाल मर्यादा ९,८०० असली तरी घरी मारलेल्या डिस्कवर ८,००० च्या पुढे गेलं की स्वस्त प्लेअर अडखळतात.

खरी पंचाईत उलट्या टोकाला होते. तीन तासांचं सगळं एकाच डिस्कवर कोंबलं की चित्राला जेमतेम ३,१०० उरतात. कीर्तनकार एका जागी उभे, मागे भिंत, अशा चित्रीकरणाला तेवढंही चालून जातं. पण पावसाळ्यात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर पाणी चढलं, की होळकर पुलावर मोबाइल वर करून गर्दी उभी असते, त्यातला एखादा व्हिडिओ घ्या. एमपेग-२ चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतं. भिंत बदलत नाही. गोदावरीचं गढूळ, उसळतं पाणी मात्र प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं. बिट पुरत नाहीत आणि नदीच्या जागी फरशी वाहताना दिसते. पाणी, गुलाल, अक्षता, झाडाची हलती पानं यांना ५,००० च्या खाली आणू नका. प्रोग्रॅममध्ये टू-पास (म्हणजे व्हिडिओ आधी एकदा तपासून मग लिहिणं) असेल तर तो चालू करा. वेळ दुप्पट लागतो, पण बिट जिथे हवेत तिथे जातात.

तीन तास एकाच डिस्कवर हवेतच असतील तर आकार ३५२ बाय ५७६ करा. तो डीव्हीडीच्या नियमात बसतो. चित्र थोडं मऊ होईल, चौकोन दिसणार नाहीत. त्याहून बरं म्हणजे हळद एका डिस्कवर, लग्न दुसऱ्यावर. ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्क महाग पडतात आणि जुने प्लेअर त्यावर कुरकुरतात.

आणि एक. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ आधीच पिळून निघालेला असतो. त्याला ८,००० दिले तरी गेलेलं परत येत नाही. पाठवणाऱ्याला तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

माणसं लांबुळकी किंवा बुटकी

डीव्हीडीतले ठिपके चौकोनी नसतात. तेच ७२० बाय ५७६ चित्र ४:३ साठीही असतं आणि १६:९ साठीही. कसं ताणायचं ते एक खूण सांगते. ही खूण चुकली की नवरा-नवरी बांबूसारखी दिसतात. प्रोग्रॅममध्ये खूण बरोबर असूनही चेहरे ताणलेले दिसत असतील तर दोष प्लेअरच्या सेटअपमध्ये असतो. जुन्या डब्बा टीव्हीसाठी ‘४:३ एलबी’, सपाट टीव्हीसाठी ‘१६:९’ ठेवा. ‘४:३ पीएस’ दोन्ही बाजू कापतं.

रहाडीतल्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदातल्या, रंगपंचमीचे व्हिडिओ हमखास उभे घेतलेले असतात. असा व्हिडिओ रुंद पडद्यावर मधल्या जेमतेम एक तृतीयांश भागात दिसणार. पडदा भरण्यासाठी तो ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. आणि जुने डब्बा टीव्ही चारही कडांचा थोडा भाग झाकून टाकतात, म्हणून नावं, तारखा, लोगो कडेला चिकटवू नका.

ओठ आधी, आवाज नंतर

सुरुवातीला सगळं जुळतं, अर्ध्या तासानंतर मंगलाष्टकं ओठांच्या मागे पडतात. जवळपास नेहमी याचं कारण फोन असतो. फोन प्रकाशाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, आणि डीव्हीडीला तो पक्का एकसारखा लागतो. इथे हँडब्रेक कामाचं आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, क्वालिटी आरएफ १६ ते १८ ठेवा म्हणजे या मधल्या पायरीत दर्जा पडणार नाही, आणि बनलेली फाइल डीव्हीडीस्टाइलरमध्ये घ्या.

फोनचे व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचे असतात. पालमध्ये नेताना दर सेकंदाला ५ फ्रेम गळतात आणि वरात चालताना हिसके बसतात. अशा वेळी सरळ एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची, डिस्क बनवा: ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. टीव्हीवर चित्र काळं-पांढरं झालं किंवा वर-वर सरकू लागलं तर प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम ‘पाल’ करून बघा.

आवाज नसलेल्या फाइलचीही एक गंमत आहे. मूकपटांच्या जमान्यातलं जुनं चित्रीकरण उतरवून घेतलेलं असतं, त्यात साउंडट्रॅकच नसतो, आणि काही प्लेअर तिथे अडतात. ऑडेसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये तेवढ्याच मिनिटांची शांतता तयार करून ती ट्रॅक म्हणून जोडा. दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात ही अडचण कोणाला तरी येणारच.

मराठी सबटायटल

पेनड्राइव्हवर व्हिडिओशेजारी मराठी एसआरटी (सबटायटलची मजकूर फाइल) ठेवली तर बहुतेक प्लेअर चौकोन किंवा अगम्य चिन्हं दाखवतात. त्यांच्या आत देवनागरी फाँटच नसतो. व्हिडिओ डीव्हीडीत मात्र ही अडचण नाही, कारण तिथे सबटायटल अक्षरं म्हणून नाही, चित्रं म्हणून साठवलेली असतात. अडतं ते चित्र बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. जोडाक्षरं नीट जोडता न येणारा प्रोग्रॅम ‘स्त्री’चे तुकडे करतो आणि ‘कि’ची वेलांटी क च्या पुढे नेऊन ठेवतो. एसआरटी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, फाँट देवनागरीचा निवडा आणि भरपूर जोडाक्षरं असलेलं एक वाक्य प्रीव्ह्यूमध्ये वाचून बघा. तिथे तुटलं तर हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’ करून अक्षरं चित्रातच पक्की करा. मग ती बंद करता येणार नाहीत, एवढंच.

राइट करताना

जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी प्लस आर (+आर) पेक्षा डीव्हीडी मायनस आर (-आर) डिस्क घ्या, ती जास्त ठिकाणी चालते. आयएसओ इम्गबर्न या प्रोग्रॅमने मारा आणि ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नका. १६एक्स लिहिलेल्या डिस्कला ८एक्स वेग ठीक, दहाएक मिनिटांत काम होतं. जितकं हळू तितकं चांगलं, हा समज नव्या डिस्कच्या बाबतीत खरा नाही, त्यांचा रंगथर मुळात वेगासाठी बनवलेला असतो. लॅपटॉप चार्जरवर असू द्या. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाइट ये-जा करत असेल तर काम पुढे ढकला. मध्येच बंद पडलेली डिस्क गेली म्हणून समजा. दुसऱ्या प्रोग्रॅमने मारत असाल तर ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’ चालू आहे ना, ते पाहा. हे राहिलं की कॉम्प्युटरवर चालणारी डिस्क प्लेअरवर चालत नाही.

सिनेमा शेवटच्या वीस मिनिटांत अडकतो, ही तक्रार फार ऐकू येते. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवट कडेला येतो, आणि बोटांचे डाग, ओरखडे, राइटिंगमधला कमकुवतपणा सगळा कडेलाच असतो. डिस्क ४.२ जीबीपर्यंतच भरा. मारून झाली की पहिली पाच मिनिटं बघून खूश होऊ नका, थेट शेवटच्या प्रसंगावर जा.

विकतच्या डिस्क चालतात आणि घरी मारलेली कुठलीच चालत नाही, तर लेन्स थकली आहे किंवा तिच्यावर धूळ आहे. घरच्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे थकलेली लेन्स आधी तिथेच हरते. सरावासाठी एक आरडब्ल्यू डिस्क जवळ ठेवा. ती पुसून पुन्हा वापरता येते.

पुढे यूएसबीचं भोक असेल तर

मग डिस्कची गरजच नाही, पण इथेही एमपी४ सहसा चालत नाही. प्लेअरवर डिव्हएक्सची खूण असेल तर एव्हीडेमक्स या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ एक्सव्हिड, आवाज एमपी३ आणि फॉर्मॅट एव्हीआय निवडा. रुंद चित्र ७२० बाय ४०० करा, बिटरेट १,५०० ठेवा. क्यूपेल आणि जीएमसी हे दोन पर्याय बंदच असू द्या, प्लेअर त्यावर गोठतात. दोन तासांची फाइल साधारण दीड जीबीची होते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, एनटीएफएस किंवा एक्सफॅट नको. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका. एक बाजू जड होते आणि फिरताना ती थरथरते. बॉलपेननेही लिहू नका, सीडी मार्कर घ्या. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवली तर ती वाकते, आणि जुन्या वाड्यातल्या दमट कपाटात पावसाळाभर राहिली तर डाग धरते. आयएसओ हार्डडिस्कवर जपून ठेवा. पुढच्या वेळी आत्याने आणखी एक प्रत मागितली की काम दहा मिनिटांचं.