कवितेतील अलंकार आणि वृत्त ओळखताना: नाव शेवटी ठेवण्याची रीत

उत्तरपत्रिका तपासताना एक चूक इतक्यांदा भेटते की आता तिचे नवल वाटत नाही. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’ या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ओळी दिलेल्या असतात आणि खाली ‘अलंकार : उपमा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. विद्यार्थ्याला बोल आणि अमृत या दोन गोष्टी शेजारी दिसल्या आणि दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे उपमा, असा हिशेब त्याने केला. त्याला अलंकारांच्या व्याख्या येत नव्हत्या असे नाही, त्या पाठ होत्या. त्याने ओळ वाचण्याआधीच नाव शोधायला सुरुवात केली, एवढाच त्याचा दोष. पुढील रीत या सवयीवरचा उपाय आहे. तिच्यात पारिभाषिक नाव सर्वांत शेवटी येते.

पहिले काम म्हणजे ओळी मोठ्याने वाचणे आणि दुसरे काम म्हणजे त्यांचा अन्वय लावणे, म्हणजे कवितेतील शब्द गद्याच्या क्रमाने मांडणे. वरील ओवीचा, तिचे पुढचे दोन चरण धरून, अन्वय असा होतो : माझा बोल मराठीच खरा, परंतु तो अमृतालाही पैजेने सहज जिंकेल अशी रसाळ अक्षरे मी योजीन. अन्वय लागताच ‘जिंके’ या क्रियापदावर नजर जाते. येथे बोल अमृतासारखा आहे असे म्हटलेले नाही, तो अमृताला हरवणार आहे. ज्याचे वर्णन चालले आहे ते उपमेय म्हणजे बोल, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान म्हणजे अमृत, आणि उपमेय उपमानापेक्षा सरस ठरले म्हणून हा व्यतिरेक अलंकार. व्याख्या हाताशी नसती तरी ‘जिंके’ या एका शब्दाने बहुतेक काम केले असते.

उपमेच्या कुळातील सगळे अलंकार उपमेय आणि उपमान यांच्यातील नात्याच्या फरकानेच वेगळे होतात. हे पटण्यासाठी एकच जोडी घेऊन ती सर्वांतून फिरवून पाहावी. पावसाळ्यातील घाट, त्यावर उतरलेले धुके आणि दूध, ही जोडी घेऊ. ‘घाटातले धुके दुधासारखे पांढरे आहे’ ही उपमा. धुके, दूध, पांढरेपणा हा समान धर्म आणि ‘सारखे’ हा साम्य दाखवणारा शब्द, असे चारही घटक तिच्यात हजर आहेत. ‘घाटातले धुके म्हणजे जणू उतू गेलेले दूधच’ ही उत्प्रेक्षा, कारण बोलणाऱ्याला ते दूधच असावे अशी कल्पना करावीशी वाटते, पण ते दूध नाही हे त्याला ठाऊक आहे. ‘धुक्याच्या दुधात घाट बुडाला’ यात दोघे एकरूप झाले, म्हणून रूपक. ‘हे धुके नव्हे, उतू गेलेले दूध आहे’ यात उपमेयाचा चक्क निषेध केला, म्हणून अपन्हुती. ‘या धुक्यापुढे दूधही मळकट’ म्हटले की व्यतिरेक. ‘हे धुके म्हणावे की दूध?’ असा प्रश्न पडून मन डोलत राहिले की ससंदेह, आणि धुके हेच दूध समजून एखादी मांजर ते चाटायला धावली की भ्रांतिमान. मांजरीच्या बाबतीत भ्रम कृतीपर्यंत पोहोचला. ससंदेहात तो निर्णयापर्यंतही पोहोचत नाही. घरच्या घरी असा सराव दोन-तीन जोड्यांवर केला, तर पाठांतराची फारशी गरज उरत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ दिसले की उत्प्रेक्षा आणि ‘सम’, ‘सारखा’, ‘परी’ दिसले की उपमा, हा सोपा मार्ग शिकवणी वर्गांत सर्रास सांगितला जातो आणि दहांपैकी काही वेळा तो तोंडघशी पाडतो. वरच्या ओवीतच ‘परि’ आहे, पण तो ‘परंतु’ या अर्थाचा आहे. त्यालाच ‘प्रमाणे’ समजून काही जण उपमेपर्यंत पोहोचतात, अशी माझी शंका आहे.

अपन्हुतीचे एक जुने उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते जरा जवळून पाहू.

न हे नभोमंडल वारिराशी
न तारका फेनचि हा तळाशी
न चंद्र हा नावचि चालताहे
न अंक तो तीवर शीड आहे

प्रत्येक ओळ ‘न’ने सुरू होते आणि प्रत्येक ओळीत एक खरी गोष्ट नाकारून तिच्या जागी दुसरी बसवली जाते : आकाश नव्हे, समुद्र, तारे नव्हेत, फेस, चंद्र नव्हे, नाव, चंद्रावरचा डाग नव्हे, नावेचे शीड. येथपर्यंत सर्वांचे उत्तर बरोबर येते. परंतु दुसऱ्या ओळीपाशी थांबून विचारावे, की फेस समुद्राच्या तळाशी कसा? तो तर वर तरंगतो. ‘वारिराशी’शी यमक जुळवण्यासाठी कवीने फेस खाली ढकलला, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र संस्कृतात ‘तल’ याचा अर्थ पृष्ठभाग असाही आहे, ‘भूतल’ शब्दात आपण तो रोज वापरतो, आणि हा अर्थ घेतला तर ओळ सरळ उभी राहते. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. कोणाला पहिला पटला तरी हरकत नाही, पण हा प्रश्न पडण्यासाठी अलंकाराचे नाव लिहून पुढच्या प्रश्नाकडे न धावण्याची तयारी हवी.

दृष्टान्त आणि अर्थांतरन्यास यांच्यातला गोंधळ एका प्रश्नाने सुटतो : दाखला विशिष्ट आहे की सर्वसामान्य? तुकारामांनी देवाकडे लहानपण मागितले आणि लगेच मुंगीला मिळणारा साखरेचा रवा व ऐरावताला बसणारा अंकुशाचा मार हे दोन दाखले दिले. दाखले विशिष्ट आहेत, म्हणून दृष्टान्त. याउलट ‘सखारामने कर्ज फेडल्यावरच नवे घोंगडे घेतले, अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या वाक्यांत एका माणसाच्या वागण्याला सर्वांना लागू पडणाऱ्या सिद्धान्ताचा आधार दिला आहे, म्हणून अर्थांतरन्यास. चेतनगुणोक्ती त्याहून सोपी. बालकवींचा औदुंबर ‘पाय टाकुनी जळात’ बसतो, तेव्हा झाडाला माणसाचे बसणे मिळाले, एवढे पुरे. पण तोच औदुंबर उदासीन विरक्ताचे प्रतीक आहे का, असे विचारले तर काम अलंकाराच्या बाहेर जाते. अलंकार एका ओळीत सापडतो. प्रतीक ठरवण्यासाठी त्या आठ ओळींच्या संपूर्ण कवितेतून पुरावा गोळा करावा लागतो, आणि तरीही दोन जाणत्या वाचकांचे एकमत होईलच असे नाही.

आता पद्यरचनेकडे वळू. येथे पहिला प्रश्न असा, की ही रचना काय मोजते? मराठी पद्यात तीन प्रकारची मोजणी चालते. अक्षरांची संख्या मोजली जाते तो छंद, मात्रांची बेरीज मोजली जाते ती जाती, आणि लघु-गुरूंचा क्रमसुद्धा ठरलेला असतो ते अक्षरगणवृत्त. कोणती मोजणी लागू आहे हे न पाहता अभंगाचे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू गट, पाडत बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते श्रम वाया जातात.

अभंगासाठी बोटेच पुरतात. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे आहेत, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत आहे. हा मोठा अभंग. ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’ यात आठ-आठ अक्षरे आणि शेवटी यमक. हा लहान अभंग. ‘लहानपण देगा देवा’ मोजून पाहिले तर नऊ अक्षरे निघतात. त्यामुळे गोंधळून जाऊ नये, कारण ही रचना गाण्यासाठी आहे आणि एखादे अक्षर गळ्यात सहज मुरते. ओवी तर आणखी सैल असते. वर दिलेल्या ओवीचे उरलेले चरण ‘ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’ असे आहेत. चारही चरणांची मोजणी अकरा, अकरा, आठ, चार अशी येते. ओवीची खूण अक्षरसंख्येपेक्षा पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड, यमकाविना सुटणारा चौथा चरण हीच मानावी.

वृत्तासाठी मात्र लघु-गुरू पक्के हवेत. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु आणि दीर्घ स्वराचे गुरू. ज्याच्यावर उच्चारित अनुस्वार किंवा पुढे विसर्ग आहे ते अक्षर गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्याच्यावर येतो ते मागचे अक्षरही गुरू. रामदासांच्या ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या चरणावर हे नियम चालवून पाहू. ‘मना’ लगा, म्हणजे आधी लघु, मग गुरू. ‘सज्जना’तील स ऱ्हस्व असूनही पुढच्या ज्जमुळे गुरू, मग ज्ज लघु, ना गुरू. भ हा क्तिमुळे गुरू, क्ति लघु, पं अनुस्वारामुळे गुरू, थे गुरू, चि लघु, जा आणि वे गुरू. हाती लगागा लगागा लगागा लगागा असा क्रम येतो. गण लक्षात ठेवण्याच्या ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रातील ‘यमाता’ म्हणजेच य गण. असे चार य गण आले की भुजंगप्रयात. नियम कळला की वरचा ‘न हे नभोमंडल’ हा श्लोक स्वतः मांडून पाहावा. लगालगागाललगालगागा असा क्रम चारही ओळींत मिळाला, की तो उपेंद्रवज्रा.

वृत्त कधीकधी आपल्या शुद्धलेखनाशी भांडते, आणि त्या भांडणातून बरेच शिकायला मिळते. मोरोपंतांच्या केकावलीतील ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो, कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’ या ओळी पृथ्वी वृत्तात आहेत : सतरा अक्षरे, आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. ‘मतिचा’ हे एखाद्या दक्ष मुद्रितशोधकाने ‘मतीचा’ केले, तर लघूच्या जागी गुरू येतो आणि चरण लंगडतो. ‘कानीं’वरील अनुस्वार मात्र उच्चारला जात नाही, तो मोजणीत धरू नये. म्हणून जुनी कविता उतरवून घेताना ऱ्हस्व-दीर्घ मुळाप्रमाणेच ठेवावेत, नाहीतर आपण दुरुस्त केलेल्या ओळीत वृत्त बसत नाही म्हणून दोष कवीला दिला जातो.

मात्रांच्या मोजणीत लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरतात. केशवसुतांची (1866–1905) ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ ही ओळ मोजली तर सोळा मात्रा भरतात, आणि त्यांचे चार-चारांचे चार गट पडतात : एक तु, तारी, द्या मज, आणुनि. पुढच्या ‘फुंकिन मी जी स्वप्राणाने’ या ओळीत ‘स्व’ला पुढच्या ‘प्रा’मुळे दोन मात्रा मिळतात, तेव्हा सोळा पुऱ्या होतात. ही पादाकुलक जाती. आता मर्ढेकरांची (1909–1956) ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ मोजा. पुन्हा सोळा मात्रा, पुन्हा चार-चारांचे चार गट. ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ या ओळीतही तेच. तेथे फक्त ‘पडल्या’मधील ड आणि ‘मुरगळल्या’मधील ळ यांच्यावर ‘ल्या’चा आघात येत नाही, म्हणून ती अक्षरे लघुच राहतात. हे जोडाक्षराच्या नियमाचे उपकलम कानालाच कळते. ‘तुम्ही’ म्हणतानाही तु आपण लांबवत नाही.

पुष्कळजण येथे ‘जाती : पादाकुलक’ लिहून थांबतात. त्या नावाने दोन्ही कवितांना एकाच कप्प्यात टाकले, पण त्या वाचताना एकसारख्या मुळीच वाटत नाहीत. असे का, हा प्रश्न नाव सापडल्यावर विचारायचा असतो. उत्तर लिहायचे झाल्यास मी असे लिहीन : केशवसुतांच्या ओळीत ‘तुतारी’ हा शब्द पहिल्या गटाच्या कडेवरून दुसऱ्या गटात झेपावतो, त्यामुळे चालीला ओढ लागते. मर्ढेकरांच्या पहिल्या ओळीत पिपात, मेले, ओल्या, उंदिर हे चार शब्द चार गटांत एकेक करून नेमके पडतात, कोठेही ओसंडत नाहीत, जणू एकेक मेलेली वस्तू मोजून ठेवावी. पुढच्या ओळीत मात्र एकच लांब शब्द दोन गटांवर आडवा पडतो आणि ठेक्याची सुरी ‘मुरगळ’पाशी त्याची मान तोडते.