अर्धा इंची पाइप, चार सूत आणि दहा गेज: माप नक्की कसं ओळखायचं

अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला बाहेरून व्हर्नियर (मिमीचा अंशही मोजणारं साधन) लावला तर २१.३ मिमीच्या आसपास भरतो, आणि आतूनही १२.७ मिमी येत नाही. पाइपाचा इंच हे नुसतं नाव आहे. त्यामुळे फिटिंग मागताना पट्टीने मोजून ‘पाऊण इंची द्या’ म्हणालात की चुकलात.

आटे ओळखायला तीन गोष्टी पाहा: बाहेरचा व्यास, एका इंचात (२५.४ मिमी) बसणारे आटे आणि आट्याचा कोन. अर्धा इंची बीएसपीचा (पाइपाच्या आट्यांचं ब्रिटिश मानक) व्यास २०.९५५ मिमी, आटे १४, कोन ५५ अंश. अर्धा इंची एनपीटीलाही (अमेरिकन मानक) आटे १४च, पण कोन ६० अंश. खरी फसगत इथेच होते. एकाचं फिटिंग दुसऱ्यावर दोन-तीन फेरे बिनबोभाट चढतं, मग आवळतं, आणि दाब दिला की झिरपतं. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, कोनातली फट भरत नाही. अर्धा आणि पाऊण इंचात आटे मोजून काही कळत नाही, पिच गेजच (आट्यांच्या नमुन्याची दातेरी पाती) लावा आणि उजेडासमोर धरून फट दिसते का पाहा. पाव इंचाला मात्र मोजणी पुरते: बीएसपी १९, एनपीटी १८. एक इंचाला ११ आणि साडेअकरा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. तोंडी हिशेबात ‘सूत म्हणजे तीन मिमी’ धरतात. एका सुताला चालून जातं, पण आठ सुताला जवळजवळ दीड मिमीचा फरक पडतो. चार सुती गज म्हणजे १२.७ मिमी. त्याच्या जागी १२ मिमीचा घातला तर छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ११ टक्के घटतं. ड्रॉइंगवर मिमीच लिहा.

तारेच्या गेजमध्ये (जाडीच्या क्रमांकात) आकडा वाढला की तार बारीक होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण गेज कुठला? १० एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) ३.२५ मिमी, १० एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) २.५९ मिमी. दुसरीचं तांबं सुमारे ३७ टक्के कमी, म्हणजे तोच करंट सोडला की जास्त तापणार. केबल चौरस मिमीमध्येच मागवा.

दाबाच्या ‘किलो’ची (किलो प्रति चौ.सेंमी) फार चिंता नको. बार या दाबाच्या दुसऱ्या एककापेक्षा तो २ टक्क्यांनीच कमी. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा (प्रेशर गेजचा) शून्य वातावरणाचा आहे की पूर्ण निर्वाताचा, हे मात्र तपासा, कारण तिथे अख्खा एक बार इकडचा तिकडे होतो.