नागपुरात कायदा शिकायला येणाऱ्यांसाठी: ग्रंथालय आणि त्यातले संगणक

मी २०१५ साली सांगली जिल्ह्यातून तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी नागपुरात आलो आणि वकिलीची सनद घेऊन इथेच राहिलो. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातून आणि मराठवाड्यातून आलेली मुले भेटतात, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: खोली कुठे घ्यावी, मेस कोणती, कूलर भाड्याने मिळतो का. याची उत्तरे लॉ कॉलेज चौकातला कोणताही चहावाला देईल. ग्रंथालयाविषयी मात्र कोणी विचारत नाही, आणि पहिल्या वर्षी सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो त्याच बाबतीत.

पहिल्या आठवड्यात ओळखपत्र हाती येताच ग्रंथालयाचे कार्ड करून घ्यावे आणि त्याच वेळी कायद्याच्या डेटाबेसचे, म्हणजे संगणकावर निवाडे शोधण्याच्या सेवेचे, लॉगिन स्वतंत्रपणे मागावे. हे लॉगिन बहुतेक ठिकाणी आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज न केलेला विद्यार्थी वर्षभर 'आपल्याकडे ही सोय नाही' असे समजून चालतो. देवघेवीच्या खिडकीवरचे कर्मचारी हे तिथले खरे जाणकार असतात. पहिल्या दिवशी मी कपाटांपुढे नुसता उभा होतो, तेव्हा एका काकांनी 'काय पाहून राहिले?' असे विचारले आणि मला तो दरडावण्याचा सूर वाटला. तो मदतीचा सूर होता, हे कळायला मला महिना लागला. वैदर्भीय बोलीशी तुमचीही ओळख अशीच होणार असेल, तर तो महिना वाचवा.

पुस्तकांची मांडणी बहुधा ड्युई दशांश पद्धतीने असते आणि त्यात कायदा ३४० पासून सुरू होतो. ३४२ म्हणजे राज्यघटना आणि प्रशासकीय कायदा, ३४५ फौजदारी, ३४६ करार व मालमत्ता यांसारखे खासगी कायदे, ३४७ दिवाणी कार्यपद्धती आणि न्यायालये. एवढे चार आकडे लक्षात ठेवले की पहिल्या वर्षाचे बरेचसे काम होते. न्यायनिवाड्यांचे बांधीव खंड या क्रमात नसून वेगळ्या दालनात वर्षवार लावलेले असतात आणि ते घरी मिळत नाहीत. त्यांतला ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे आपला 'एआयआर', हा नागपुरातूनच प्रसिद्ध होतो. त्याचे खंड १९१४ पासूनचे आहेत, आणि देशभरातले वकील ज्याचा हवाला देतात तो ग्रंथ या गावचा आहे याचे मला, बाहेरून आलेल्याला, इथल्या लोकांपेक्षा जास्त अप्रूप वाटत आले आहे. 'एआयआर १९६३ एससी १२९५' असा हवाला दिसला, तर १९६३ सालच्या सर्वोच्च न्यायालय विभागाचा खंड काढून १२९५ वे पान उघडायचे, इतके ते सरळ आहे.

हाच खंड मला महागात पडला. १२९५ व्या पानावर खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा निवाडा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एका मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचे लुटुपुटीचे न्यायालय) स्पर्धेत, गोपनीयता हा राज्यघटनेने हमी दिलेला हक्क नाही हे बहुमताचे वाक्य मी त्या पानावरून उतरवून मोठ्या विश्वासाने वाचून दाखवले. परीक्षकांनी शांतपणे विचारले, 'गेल्या महिन्यात काय झाले ते पाहिले का?' २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नेमके तेच मत रद्द ठरवले होते. छापील पानाला पुढे काय घडले ते ठाऊक नसते. डेटाबेसमध्ये मात्र तो निवाडा नंतर कुठे कुठे उल्लेखला गेला आणि कुठे नाकारला गेला त्याची यादी शेजारीच असते. तेव्हापासून खंडात वाचलेला निवाडा एससीसी ऑनलाइन किंवा मनुपत्र या डेटाबेसवर तपासल्याखेरीज मी कुठेही वापरत नाही.

याच्या उलट सावधगिरीही तितकीच आवश्यक आहे. परिच्छेदांचे क्रमांक प्रत्येक प्रकाशनात सारखे असतीलच असे नाही, म्हणून संगणकावरून परिच्छेद उचलून त्याला एआयआरचा हवाला जोडू नये. ज्या प्रकाशनातून वाचले त्याचाच हवाला द्यावा. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या आधी छापलेला सारांश, ही संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशांनी नव्हे, त्यामुळे ती निवाड्याचे शब्द म्हणून उद्धृत करणे ही चूकच.

शोध घेताना सध्याचा सर्वांत मोठा सापळा कलमांच्या आकड्यांचा आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले, परंतु आधीचे सारे निवाडे जुन्या कलमांवर आहेत. अटकपूर्व जामीन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३८ खाली होता, तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ खाली आला. आणि जुने ४८२, म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ते ५२८ झाले. नुसते '४८२' टाकून शोधले तर दोन निराळ्या विषयांचे निवाडे एकत्र समोर येतात. कायद्याचे नाव, कलम आणि न्यायालय हे तिन्ही भरावे, नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकावा, आणि विषय फौजदारी असेल तर जुन्या व नव्या अशा दोन्ही आकड्यांनी शोध घ्यावा. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तके, नवे विकत घ्या. जुने ग्रंथालयातच वाचले तरी चालते.

खोलीवर बसून मोबाइलच्या नेटवरून डेटाबेस उघडला की पैसे भरण्याचे पान येते, कारण अनेक वर्गण्या संस्थेच्या जाळ्यावरूनच ओळखल्या जातात. आवाराबाहेरून वापरण्याची वेगळी सोय आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. शहरात राहणाऱ्यांना याची गरज अधिक. वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकणारे आवारातच राहतात. सोय मिळाली तरी एका बैठकीत शेकडो निवाडे उतरवून घेऊ नयेत, कारण त्यामुळे सबंध संस्थेचा प्रवेश थांबवला जाऊ शकतो. फुकट मिळणारेही पुष्कळ आहे: जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह, सर्वांना खुले आहे, आणि काही निवाड्यांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांना आता तटस्थ क्रमांक (कोणत्याही प्रकाशनावर अवलंबून नसलेला, न्यायालयानेच दिलेला) असतो आणि त्यात 'बीएचसी-एनएजी' अशी अक्षरे असली की तो आपल्या नागपूर खंडपीठाचा आहे, हे समजते.

संगणक कक्षाविषयी थोडे. यंत्रे मोजकी असतात आणि उन्हाळ्यात दुपारी, गारव्यासाठी येणाऱ्यांमुळे, एकही मोकळे मिळत नाही. सकाळी दार उघडताच जावे. अनेक कक्षांतली यंत्रे बंद करून सुरू केली की पूर्वस्थितीला येतात. माझा बावीस पानांचा प्रकल्प डेस्कटॉपवर होता, वीज गेली, आणि वीज आल्यावर डेस्कटॉप स्वच्छ होता. लिहिलेले दर अर्ध्या तासाने स्वतःला ई-मेल करावे आणि उठताना प्रत्येक खात्यातून बाहेर पडावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. कृतिदेवमध्ये लिहिलेला अर्ज तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांत उघडतो आणि झेरॉक्सच्या दुकानात रांग मागे उभी असताना ते उमगते. प्रिंटसाठी पीडीएफ करूनच न्यावे.

शेवटच्या सत्रात 'नो ड्यूज' दाखल्यासाठी धावपळ होते, तेव्हा हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आणि साचलेला दंड आधीच मिटवावा. हा दाखला मिळाला की डेटाबेसचे लॉगिनही बंद होते. त्यात साठवलेल्या निवाड्यांच्या याद्या आणि टिपणे दाखल्याचा अर्ज देण्यापूर्वीच उतरवून घ्यावीत, कारण नंतर ती परत मिळत नाहीत.