एनव्हीडीएच्या साहाय्याने गूगल कॅलेंडर लावताना
एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरून संगणकावर गूगल कॅलेंडर हाताळायचे असल्यास प्रथम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट सुरू करावेत आणि मग इन्सर्ट व स्पेस या कळा एकत्र दाबून फोकस मोडमध्ये, म्हणजे दाबलेली कळ थेट कॅलेंडरकडे जाते त्या स्थितीत, जावे. कारण ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरण्याच्या स्थितीत, एनव्हीडीए अनेक अक्षरे स्वतःच्याच आज्ञा समजतो व ती कॅलेंडरपर्यंत पोहोचत नाहीत. महिन्याची चौकट डोळ्यांना सोयीची, कानांना मात्र कंटाळवाणी असते. म्हणून ‘ए’ दाबून कार्यक्रमांची सलग यादी उघडावी. ‘टी’ने आजचा दिवस, ‘जी’ने हवी ती तारीख, तर ‘सी’ने नवी नोंद उघडते. नोंदी रंगांनी वेगळ्या करण्याऐवजी शीर्षकाच्या आरंभीच ‘घर’ किंवा ‘कार्यालय’ असे लिहावे, म्हणजे पहिला शब्द ऐकताच नको असलेली नोंद ओलांडता येते.