कम्युनिटी कॉलेजमध्ये विमानाचं इंजिन शिकायचंय? मग हे आधी वाचा

अमेरिकेत विमानाच्या इंजिनचं काम शिकायला कम्युनिटी कॉलेज हा चांगला रस्ता आहे, पण फी वगैरे बघायच्या आधी कॉलेजला एफएएची (अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातं) पार्ट १४७ ची, म्हणजे मेकॅनिक शिकवणाऱ्या संस्थांच्या नियमाखालची, मान्यता आहे का ते बघा. ती नसेल तर तिथल्या शिक्षणावर मेकॅनिकच्या परीक्षेला बसता येत नाही, मग कामाचा अनुभव दाखवावा लागतो, एका रेटिंगला (मेकॅनिकच्या सर्टिफिकेटवरचा कामाचा प्रकार) १८ महिने आणि दोन्हीला मिळून ३०.

रेटिंग दोन, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट. एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडा, इंजिन म्हणजे पॉवरप्लांट. तेवढं एकच घेता येतं, पण जमत असेल तर दोन्ही कराच, नोकरी शोधताना फरक पडतो.

पूर्वी दोन्हीचे मिळून किमान १,९०० तास भरावे लागायचे, सप्टेंबर २०२२ पासून ती सक्ती गेली. त्यामुळे कॉलेज निवडताना नुसते तास विचारू नका, वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा आणि बघा एका इंजिनभोवती किती मुलं आहेत, इंजिन खरंच चालू करतात का, का नुसतं कापलेलं मॉडेल दाखवतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

पुस्तकांवर लगेच पैसे घालू नका, एफएएची जनरल आणि पॉवरप्लांटची हँडबुकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पण वाचलेलं त्याच आठवड्यात हातानं करून बघा, नाहीतर डोक्यात राहत नाही.

उदाहरणार्थ कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा गळते का ते बघणं. इंजिन गरम असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला एकदम वर आणून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडायची आणि टेस्टरच्या दुसऱ्या गेजवर (दाब दाखवणारं मीटर) त्यातला किती दाब टिकतो ते बघायचं. आकडा लिहून मोकळे होऊ नका, कान लावा. एक्झॉस्टमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगांकडे बघा. आकडा कमी आला म्हणून लगेच सिलिंडर काढायचा नाही, इंजिन परत चालवून पुन्हा टेस्ट घ्यायची. आणि हो, हवा सोडताना प्रोपेलर कुणीतरी घट्ट धरलेला पाहिजे आणि बाकी कुणीही त्याच्या फेऱ्यात उभं राहायचं नाही, पिस्टन जरासा सरकला तरी तो झटक्यात फिरतो, यात चालढकल अजिबात नको.

सेफ्टी वायरची (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) प्रॅक्टिस रोज करा, कंटाळा आला तरी. वायर बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेनंच ओढत असली पाहिजे, उलटी बांधली तर कितीही सुबक दिसली तरी कापून परत करायची.

परीक्षा तीन प्रकारच्या: लेखी, तोंडी, प्रॅक्टिकल. पास व्हायला ७० टक्के लागतात आणि एका रेटिंगच्या सगळ्या परीक्षा २४ महिन्यांच्या आत संपवाव्या लागतात, म्हणून लेखी देऊन बाकीचं लांबवत बसू नका. तोंडी परीक्षेत एखादा आकडा आठवला नाही तर ठोकून देऊ नका, कुठल्या मॅन्युअलमध्ये बघाल ते सांगा. प्रॅक्टिकलला टॉर्क व्हॅल्यू (बोल्ट किती जोरानं आवळायचा तो आकडा) तोंडपाठ असली तरी मॅन्युअल उघडून, बघून मगच पाना लावा.