फ्लॅटपॅक ॲपमधून फाइल सेव्ह होत नसेल तर

लिनक्सवर फ्लॅटपॅक या ॲप बसवण्याच्या पद्धतीने घेतलेले ॲप बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइल सेव्ह करू देत नाही, तेव्हा बरेच जण टर्मिनल उघडून त्या फोल्डरला 777 परवानगी (कोणीही वाचावे, लिहावे) देऊन मोकळे होतात. त्याने अडचण सुटत नाही, उलट फोल्डर मात्र सगळ्यांसाठी सताड उघडा पडतो. फ्लॅटपॅक बबलरॅप या साधनाच्या साहाय्याने ॲपभोवती कुंपण घालते आणि कुंपणाबाहेरचा फोल्डर ॲपला मुळात दिसतच नाही. मग त्याच्या परवानग्या कितीही सैल केल्या तरी काय उपयोग?

आधी फाइल मॅनेजरमधून त्याच जागी एक नवा फोल्डर तयार करून पाहावा. तोही झाला नाही, तर दोष ॲपचा नसून डिस्कचा आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-रचनेची) डिस्क लिनक्सवर अनेकदा केवळ वाचण्यापुरती जोडली जाते.

फोल्डर तयार झाला, तर फ्लॅटसील हे फ्लॅटपॅक ॲपच्या परवानग्या बदलणारे ॲप बसवावे. त्यात डावीकडे आपले ॲप निवडून फाइलसिस्टम या विभागापर्यंत खाली यावे. तेथे सर्व फाइल खुल्या करणारी बटणे दिसतात, पण त्यांना हात लावू नये, कारण एका फोल्डरसाठी अख्खे घर उघडे टाकण्याचे कारण नाही. त्याखाली इतर फाइलसाठी जागा आहे. तेथे नवी ओळ जोडून, फाइल मॅनेजरमधून कॉपी केलेला त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता चिकटवावा. पत्त्याच्या शेवटी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि 'आरओ' (:ro) ही अक्षरे असतील, तर ॲपला वाचता येते, लिहिता येत नाही. सेव्ह करायचे असल्यास ती काढावीत. नंतर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, कारण चालू ॲपला नवी परवानगी लागू होत नाही.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. होम फोल्डरची परवानगी नसलेले ॲप कधी कधी आपल्या तात्पुरत्या, आभासी होममध्ये फाइल लिहिते, सेव्ह झाल्याचे सांगते आणि ॲप बंद होताच ती फाइल नाहीशी होते. म्हणून महत्त्वाचे काम असेल, तर ॲप बंद करण्याआधी फाइल मॅनेजरमध्ये ती फाइल डोळ्यांनी पाहून घ्यावी.

सेव्ह करताना डेस्कटॉपची नेहमीची खिडकी उघडत असेल, तर पोर्टल, म्हणजे ॲप आणि कुंपणाबाहेरच्या फाइली यांमधला दुवा, त्या एका फाइलपुरती वाट करून देते आणि वेगळी परवानगी लागत नाही. मात्र फोटोशेजारी बदलांची नोंद ठेवणारी दुसरी फाइल लिहिणाऱ्या ॲपला तेवढे पुरत नाही. त्याला संपूर्ण फोल्डरच द्यावा लागतो. हलक्या डेस्कटॉपवर ही खिडकीच उघडत नसेल, तर त्या डेस्कटॉपला जुळणारे पोर्टलचे पॅकेज बसवलेले आहे का, ते तपासावे.

उबुंटू या लिनक्सवरील स्नॅप ॲपची (फ्लॅटपॅकसारखीच दुसरी पद्धत) गोष्ट याहून सोपी आहे: सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली सहसा काढता येणाऱ्या डिस्कसाठीचे बटण असते, तेवढे चालू करावे.